विजयालक्ष्मीचे वकीलपत्र घेणारी बुलढाण्याची ताराबाई

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. वैधव्यात दिवस गेले, मूल झाले आणि लोकलाजेच्या भीतीने तिने ते मारले, असा आरोप होता आणि तो शाबीत झाला. पुढे अपिलात फाशी टळली, काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. कायद्याचे काम तिथे संपले, पण धर्ममार्तंडांचे संपले नव्हते. पुण्यातून निघणाऱ्या 'पुणे वैभव' या सनातनी पत्राने या प्रकरणाचा धागा पकडून साऱ्या स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. नव्या वाऱ्याने बायका बिघडल्या, त्यांना धरबंध राहिला नाही, असा त्या लेखनाचा रोख होता. काही भल्या माणसांनी विजयालक्ष्मीसाठी दया मागितली. पण दया मागणे वेगळे आणि जाब विचारणे वेगळे. जाब विचारला तो सुरतेपासून कितीतरी दूर, वऱ्हाडाच्या एका टोकाला असलेल्या बुलढाण्याच्या एका मराठा बाईने. तिचे नाव ताराबाई शिंदे.

बुलढाणा जिल्हा म्हटले की लोकांना सिंदखेडराजा आठवते, जिजाऊ आठवतात. लोणारचे सरोवर, खामगावचा कापूस बाजार आणि शेगावची गर्दी आठवते. ताराबाई किती जणांना आठवतात? आम्ही हा प्रश्न दरवर्षी ३ जानेवारीच्या कार्यक्रमात विचारतो. सावित्रीमाईंच्या नावाने जोरदार घोषणा देणाऱ्या सभागृहात या प्रश्नाला मात्र चार-पाच हात वर होतात. म्हणून आज हा सगळा लेख ताराबाईंसाठी.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यात झाला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. हा साधा कारकून नव्हता. १८७१ साली त्यांनी सुशिक्षित एतद्देशीयांना चार गोष्टी सुनावणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले होते. 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज' हे त्याचे नाव. पुढे ते सत्यशोधक समाजाचे सभासद झाले. ताराबाई ही त्यांची एकुलती एक मुलगी. त्या भागात मुलींची शाळा नव्हती. शाळा नाही म्हणून लेक अडाणी राहील हे बापूजींना मान्य नव्हते. त्यांनी तिला घरीच मराठी शिकवले, संस्कृत शिकवले, इंग्रजीही शिकवले. ज्या काळात बाईने हातात पुस्तक धरले तर नवरा मरतो असे सांगितले जात होते, त्या काळात एका कचेरीतला नोकरदार बाप दिवा लावून मुलीला तीन भाषा शिकवत बसतो, ही आमच्या मते लढाई मारण्याइतकीच मोठी गोष्ट आहे. आपल्या चळवळीत बापांची चरित्रे फारशी लिहिली जात नाहीत. रामजी सुभेदारांचे नाव आपण घेतो ते बाबासाहेबांमुळे. बापूजी शिंद्यांचे नावही घेतले पाहिजे.

रिवाजाप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहान वयात झाले. मात्र त्या सासरी गेल्या नाहीत, नवराच घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आला. या एका गोष्टीने फार फरक पडला. सासूचा धाक नाही, दाराआडचे जिणे नाही, वडिलांच्या घरातली पुस्तके आणि वर्तमानपत्रे हाताशी. त्या काळातल्या उच्चवर्णीय आणि मराठा घरांतल्या सुनांच्या वाट्याला जे आले ते ताराबाईंच्या वाट्याला आले नाही, म्हणून त्यांना ते स्पष्ट दिसले. ज्याच्या पायात बेडी असते त्याला ती सवयीने जाणवेनाशी होते, हे आम्ही कोर्टात रोज बघतो. मारहाण सोसलेली बाई जबाब देताना आधी स्वतःचीच चूक सांगू लागते.

ताराबाईंनी विजयालक्ष्मीची बाजू घेतली त्याच्या एकोणीस वर्षे आधी पुण्यात काय घडले होते, हे इथे सांगितले पाहिजे. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले. शास्त्रीबुवांनी अंग काढून घेतले. मूल झाले, तिने ते मारले, विहिरीत टाकले. प्रेत वर आले, खटला चालला आणि काशीबाई अंदमानला गेली. शास्त्री कुठे गेला? तो कुठेच गेला नाही. तो आपल्या ओसरीवर पोथी वाचत बसला असेल. जोतीराव आणि सावित्रीमाई मात्र गप्प बसले नाहीत. १८६३ साली त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी जाहिराती चिकटवल्या. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, त्यांच्या मर्जीची गोष्ट, असा त्या जाहिरातींचा आशय होता. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे आल्या होत्या. त्यांची बाळंतपणे सावित्रीमाईंनी केली. अशाच एका विधवेचे मूल फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले, तो यशवंत. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याने दवाखाना उघडला आणि त्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. जे मूल व्यवस्थेच्या हिशेबात विहिरीच्या तळाशी असायला हवे होते, ते मूल लोकांना मरणाच्या दारातून ओढत होते.

आज पीडित साहाय्य, समुपदेशन, निवारा केंद्र असे शब्द सरकारी परिपत्रकांतून येतात आणि ते साहेबांच्या देशातून आले असे आपल्याला वाटते. १८६३ साली गंज पेठेत या सगळ्या गोष्टी एका छपराखाली चालू होत्या. तिथे निवारा होता, गुप्तता होती, सुईणपण होते, मुलाची सोय होती आणि धीर देणारे माणूसही होते. येणाऱ्या बाईला कोणी तिची जात विचारत नव्हते, आणि येणाऱ्या बहुतेक जणी तर त्या जातीतल्या होत्या ज्या जातीच्या लोकांनी सावित्रीमाईंच्या अंगावर शेण टाकले होते.

बुलढाण्यातल्या शिंद्यांच्या घरात हा सगळा विचार पोचलेला होता. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. वऱ्हाडात या समाजाने मूळ धरले ते कारकून, शेतकरी, पाटील अशा माणसांच्या बळावर. पुढे १९२७ साली जोतीरावांचे चरित्र लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील हेही याच जिल्ह्याचे, ही गोष्ट योगायोगाची नाही. तेव्हा 'पुणे वैभव'ची गरळ ताराबाईंच्या हाती पडली तेव्हा त्यांना काशीबाई ठाऊक होती, बालहत्या प्रतिबंधक गृह ठाऊक होते, आणि कोणत्याही खटल्यात जो साक्षीला येत नाही तो पुरुषही ठाऊक होता, असे मानायला आम्हाला अडचण वाटत नाही.

१८८२ साली त्यांचे 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. कायद्याने बायकांना वकिलीचा दरवाजा उघडला तो १९२३ साली. म्हणजे त्याच्या एकेचाळीस वर्षे आधी एका बाईने, सनद नसताना, दुसऱ्या एका अनोळखी बाईचे वकीलपत्र घेतले. बचाव कसा करावा याचा तो नमुना आहे, आणि नव्या वकिलांनी तो वाचावा असे आम्हाला मनापासून वाटते. त्यांनी विजयालक्ष्मीच्या निर्दोषत्वावर वेळ घालवला नाही. तिने मारलेच नाही, असा पवित्रा घेतला नाही. त्यांनी फिर्यादीलाच उलटतपासणीला उभे केले. बाई चंचल, बाई कपटी, बाई साहसी, बाई सगळ्या पापांचे घर, अशी जी दूषणे संस्कृत सुभाषितांपासून बायकांना चिकटवली गेली आहेत, ती एकेक करून उचलायची आणि पुरुषाच्या अंगाला लावून बघायची. कुणाला जास्त शोभतात? पुस्तकाच्या नावातली तुलना ती हीच.

मग या तुलनेत काय काय येते! बायको मेली की दहाव्या-बाराव्याला दुसरी मुलगी बघणारा पुरुष येतो, आणि नवरा मेला की केस काढून अंधाऱ्या खोलीत बसवलेली पोरगी येते. हाच नियम न्याय्य असेल तर बायको मेल्यावर पुरुषानेही दाढी-मिशा काढून उरलेला जन्म रानात का काढू नये, असे त्या विचारतात. सत्यवानाच्या पाठी यमाच्या दारी गेलेली सावित्री पुराणात आहे, पण बायकोसाठी यमाच्या दारापर्यंत तरी गेलेला नवरा कुठे आहे, हा त्यांचा सवाल आहे. त्या देवादिकांनाही सोडत नाहीत. पुराणातल्या देवांनी आणि ऋषींनी बायकांशी जे वर्तन केले ते माणसाने केले असते तर त्याला काय म्हटले असते, हे त्या बिनदिक्कत मांडतात. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे पुरुष स्वतः पगडी टाकून टोपी घालतात, बूट-पाटलोण चढवतात, खाण्यापिण्याची बंधने मोडतात. मग धर्माची सगळी ओझी बाईच्याच डोक्यावर का, हाही प्रश्न त्या विचारतात. पुनर्विवाहाच्या सभा भरवणारे आणि घरातल्या बालविधवेकडे बघूनही न बघणारे सुधारकही त्यांच्या तडाख्यातून सुटलेले नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या वेळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतल्या बायका खऱ्या बायका नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकले. मराठीत कादंबरीची परंपरा नुकती सुरू होत होती, आणि बुलढाण्यातून तिची झडती घेतली जात होती.

कोठ्यावरच्या बाईबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ही बाई काही आकाशातून पडलेली नाही. तीही कुणाच्या तरी घरातली लेक-सून होती. तिला गोड बोलून बाहेर काढणारा पुरुष होता, आणि मन भरल्यावर टाकून देणाराही तोच होता. समाज बोट दाखवतो तिच्याकडे. गुन्हेगार कोण हा प्रश्न त्यांनी कृत्यापाशी सोडला नाही. ते कृत्य कोणी घडवून आणले, इथपर्यंत त्यांनी तो नेला. आजच्या भाषेत याला पीडितेच्या बाजूने बघणे म्हणतात. कायद्याच्या शाळेत आम्हाला हे शिकवायला परदेशी लेखकांची पुस्तके लावली होती.

पुस्तकाची भाषा शिष्टसंमत नाही. ती चुलीजवळची, पाणवठ्यावरची, भांडणाची भाषा आहे. ताराबाई मधेच टोमणा मारतात, मधेच शिवी हासडतात, आणि लगेच एखादा संस्कृत दाखला देऊन पंडितांना त्यांच्याच शस्त्राने घायाळ करतात. पुस्तक सुबक नाही. एक मुद्दा सोडून दुसरा धरतात, परत पहिल्यावर येतात. पण वाचताना थांबता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताराबाई पतिव्रतेची कल्पना पुरती मोडीत काढत नाहीत, आणि इंग्रज सरकारच्या न्यायावर त्यांचा भरवसा जरा जास्तच आहे. शिवाय त्यांच्या पुस्तकातली बाई मुख्यतः ब्राह्मण आणि मराठा घरातली आहे. महार-मांगाच्या बाईला केशवपन नव्हते, पाटाला मज्जाव नव्हता, पण तिच्या वाट्याला जे होते ते या पुस्तकात फारसे येत नाही. ते आधीच लिहिले गेले होते. जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ताने, अवघ्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापला. त्यात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायका आहेत. मुक्ता आणि ताराबाई ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एकीची बाई वाड्यातल्या अंधारात बाळंत होते आणि दुसरीची उघड्यावर, आणि दोघींना मदतीला कोणी नाही.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना वाचकांना करता येईल. टीकेची झोड उठली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यांना आपल्या लेकीच्या जागी मानले आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना खडसावले. सत्सारच्या पहिल्या अंकात ते पंडिता रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते. दोन बायका, एक धर्म सोडलेली ब्राह्मण आणि एक धर्माला जाब विचारणारी मराठा, आणि दोघींच्या पाठीशी एकच माळी. जातीच्या उतरंडीत हे चित्र बसत नाही.

त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक छापल्याचे आढळत नाही. एका पुस्तकाची लेखिका म्हणूनच त्या राहिल्या. १९१० च्या सुमारास त्या गेल्या आणि पुस्तकही त्यांच्याबरोबर गेल्यासारखे झाले. मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिणाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षे त्यांची दखल घेतली नाही. पुस्तक पुन्हा उजेडात आणले ते स. गं. मालशे यांनी, १९७५ साली. धनंजय कीरांबरोबर जोतीरावांचे समग्र वाङ्मय संपादित करणारे ते हेच मालशे. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि मग आपल्याकडच्या विद्यापीठांना ताराबाई एकदम थोर वाटू लागल्या. साहेबांच्या देशात छापून आल्याशिवाय आपल्याकडे बाई थोर होत नाही.

ताराबाईंनी रागाने जे मांडले त्याची शास्त्रशुद्ध मांडणी बाबासाहेबांनी केली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी जात टिकते कशी याचे उत्तर दिले. जातीत जोड्या जुळल्या पाहिजेत. नवरा मेला की बाई जास्तीची ठरते, ती जातीबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून तिला जाळायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. जास्तीच्या पुरुषासाठी मात्र वयाने लहान मुलगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली जातीची कुंपणे आहेत. बाबासाहेबांचा हा निबंध वाचला की विजयालक्ष्मीचा खटला वेगळाच दिसू लागतो. तिने मूल मारले नसते तर जातीने तिला मारले असते. तिच्यापुढे तिसरी वाट ठेवलेलीच नव्हती. ती वाट फक्त पुण्यात, एका माळ्याच्या घरात होती, आणि सुरत तिथून फार लांब होती.

आज आपल्या देशात त्या वाटा कागदावर पुष्कळ आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणत्याही व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या न्यायालयात त्याचे कार्यालय असते. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ पासून आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक आणि तात्पुरता निवारा एकाच जागी, आणि १८१ हा फोन. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसवून स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यभर गेला. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. ते काही कुणाच्या कृपेने आले नाही, खैरलांजीसारख्या हत्याकांडांनंतर रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी ते आणले. मनाच्या आजाराला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, आणि २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, आपल्या भाषेत. हा क्रमांक वाचकांनी लिहून ठेवावा.

मूल सांभाळता येत नसेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे आई ते बालकल्याण समितीकडे सोपवू शकते, आणि फेरविचाराला तिला साठ दिवस मिळतात. हे जोतीरावांच्या जाहिरातीचेच कायद्यातले रूप आहे. फरक एवढाच की जोतीरावांनी ती जाहिरात आळीच्या कोपऱ्यावर लावली होती, आणि बालकल्याण समितीचा पत्ता आळीतल्या कुणालाच ठाऊक नसतो. आमच्या वकिलीत अशा दोन-तीन मुली आल्या. एकीलाही मूल सोपवण्याची सोय आहे हे आधी कोणी सांगितलेले नव्हते. एकीला तर एका पोलीस ठाण्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीच हकीकत तीनदा सांगायला लावली, आणि तिसऱ्या वेळी तिने बोलणेच सोडून दिले.

पण आमचा मुख्य मुद्दा वेगळा आहे. विजयालक्ष्मी आज आपल्या जिल्ह्यात असती तर या सगळ्या संस्थांच्या दारात ती कोण म्हणून उभी राहिली असती? पीडित म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. पीडित आणि आरोपी एकाच देहात असू शकतात, हे आपल्या कायद्याला अजून उमगलेले नाही. इंग्लंडने १९२२ साली अर्भकहत्येचा स्वतंत्र कायदा केला आणि १९३८ साली तो सुधारला. बाळंतपणाच्या परिणामाने आईच्या मनाचा तोल ढळलेला असताना तिने तान्ह्या मुलाला मारले, तर तो खून धरत नाहीत, कमी दर्जाचा गुन्हा धरतात. ज्या राज्यकर्त्यांच्या दंडसंहितेखाली विजयालक्ष्मीला फाशी सुनावली गेली, त्यांनी आपल्या देशातल्या आयांसाठी हा दयाळूपणा शोधून काढला. आपल्याकडे १८६० ची दंडसंहिता होती तोवर कलम ३०२, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी कलम १०३. नाव बदलले, क्रमांक बदलले, विजयालक्ष्मी तिथेच. वेडेपणाचा बचाव आहे, पण तो पुरता भ्रमिष्ट झालेल्यासाठी. भीतीने, रक्तस्रावाने, झोपेविना आणि लाजेने खचलेल्या बाळंतिणीसाठी नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे हे डॉक्टर सांगतात. तो आरोपपत्रात येत नाही, कारण तपासणारा मनोविकारतज्ज्ञ जवळपास नसतो. राज्याची जुनी मोठी मनोरुग्णालये नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरीला. त्यांतले विदर्भातले एकच, तेही बुलढाण्याहून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर.

आणि पुरुष? तो आजही तपासाच्या शेवटी येतो, आला तर. मूल टाकून देण्याच्या कलमात बाप आणि आई दोघांचीही नावे आहेत. पोलीस मात्र दवाखान्यांतून बाळंतिणींची यादी मागवतात. बापांची यादी कुठल्या दवाखान्यात मिळते?

विधवांचे म्हणाल, तर बुलढाण्यात त्या आजही हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचे नवरे फवारणीचे औषध पिऊन गेलेले आहेत. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले त्यांत बुलढाणा होता. २०१५ साली राज्याने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, जिल्हा रुग्णालयात समुपदेशक नेमले, आशाताईंना खचलेली घरे शोधायला सांगितले. चांगली कल्पना होती. पण आशाताई घरी जाते तेव्हा विचारते ती घरधन्याबद्दल. तो गेल्यावर जी उरते, कर्जासकट, तिच्या मनाचे काय, हा रकाना नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. सरकारने त्याची दखल घेऊन परिपत्रक काढले. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती.

ताराबाईंचे वडील ज्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कलम झिजवत होते, त्या कचेरीचे काम आज बुलढाण्याचे जिल्हाधिकारी कार्यालय करते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या प्रकरणावर निर्णय देणारी समिती तिथेच बसते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, सावकाराचे की सोसायटीचे, हे तपासून ती पात्र किंवा अपात्र असा शेरा मारते. पात्र ठरले तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरले तर बाई फाईल घेऊन जिना उतरते आणि एसटी स्टँडकडे चालू लागते.